माणसाची खूण नको

आठवडाभर मी माणसांना सांगते,
हनुवटी जरा खाली, कान दिसू देत, हलू नका.
राजापुरातल्या माझ्या दुकानात पांढऱ्या पडद्यासमोर
आधारकार्डासाठी, दुबईसाठी, स्थळं बघण्यासाठी
माणसं दगड होऊन बसतात.
रविवारी मी सड्यावर जाते
आणि दगड होऊन बसते.

एप्रिल. पहाटेचे साडेपाच.
कातळ अजून कालचाच कोमट,
शेवटची भाकरी काढून घेतलेल्या तव्यासारखा.
श्रावणात इथे तेरडा असतो, सीतेची आसवं असतात,
आता करपलेलं गवत, करवंदीच्या जाळ्या
आणि एवढं आभाळ
की माझ्या कुठल्याच लेन्सला ते होत नाही.

धाकटा दीर पर्थला असतो. फोटो पाठवतो.
लाल जमीन, सरळ रस्ता, कडेला कांगारू,
खाली लिहितो: चारशे किलोमीटरात माणूस नाही.
मी त्याला एकदा सडा पाठवला.
त्याने विचारलं, हे इकडचं तुला कुणी पाठवलं?
मी बोलले नाही,
की डाव्या हाताला, चौकटीच्या दोन बोटं बाहेर
चिऱ्याची खाण आहे.

नऊ वर्षं मी ती कापत आले.
टेकाडाआड लपवली, धुक्यात बुडवली,
पोटावर झोपून गवताचं पातं पुढे आणलं.
स्पर्धेच्या कागदावर चौथा नियम असतो:
माणसाची खूण नको.
अशी टिटवी मिळाली, तिची चार अंडी मिळाली
(अंडी कुठली, खडे कुठले
हे घरी जाऊन मोठं करून बघावं लागलं),
तांबड्या गळ्याचा सरडा,
एकदा तरसाची नुसती पाठ.
कोल्हा नाही.
कुई ऐकू येते, करवंदाच्या बिया भरलेली विष्ठा सापडते,
कोल्हा नाही.

सात वाजता भागीरथी गोताड म्हशी घेऊन आली.
माझ्याकडे बघितलं, माझ्या कोरड्या डबक्याकडे बघितलं.
"हय कशाला बसलीस, बाय?
हयचं पानी शिमग्यालाच आटलं.
कोला खानीत जातो. रोज.
माज्या म्हशी पन तयच."

तिपाई खांद्यावर घेऊन निघाले.
वाटेत तो कातळात कोरलेला प्राणी लागतो.
कुणी गेंडा म्हणतं, कुणी रेडा,
कोणे एके काळी कुणी तरी इथे उकिडवा बसून
दगडाने दगड उकरत राहिला.
जनावर झाल्यावर त्याने शेजारी
दोन पावलं कोरली. माणसाची.
त्याला चौथा नियम
कुणी सांगितला नसावा.

खाणीच्या भिंतीवर करवतीच्या रेघा,
चारेघी वहीसारख्या सरळ.
यंत्र रविवारचं गप्प,
पात्याच्या दांड्यावर कुणाचा तरी शर्ट वाळत घातलेला.
तळाशी हिरवट पाणी,
आणि चिऱ्यांच्या तिसऱ्या पायरीवर
पुढचे पाय खाली सोडून
तो.
अगदी घरच्यासारखा पीत होता.

मी डावीकडे सरकले, शर्ट जाईना.
उजवीकडे सरकले, यंत्र येई.
मग सरकायची थांबले.
बटणाच्या आवाजाला त्याने मान वर केली,
हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं,
दोन्ही कान दिसत होते,
हलू नका, हे माझ्या तोंडात आलंच होतं.

स्पर्धेला पाठवता येणार नाही.
दिराला पाठवला, त्याचं उत्तर अजून नाही.
दुकानात, आरशाशेजारी लावला.

मंगळवारी खाणमालकाचा मुलगा आला, पासपोर्टसाठी.
कंगवा हातात तसाच धरून भिंतीकडे बघत राहिला.
"ही आमची खाण ना?"
चेहरा उजळला त्याचा.
"एक मोठा करून द्या. ऑफिसात लावतो."
केवढा, मी विचारलं.

त्याने दोन्ही हात पसरले.